गादीवरच्या डॉक्टरीणबाई

संततिनियमनाचं माझं सगळं शिक्षण माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात झालं. हे वाक्य मी एखाद्या लग्नाच्या पंगतीत बोललो की शेजारचा माणूस घास हातातच धरून माझ्याकडं बघतो, आणि आमची ही पलीकडच्या पंगतीतून डोळे मोठे करते. पण ते खरं आहे. माझं वय तेव्हा चाळिशीच्या बरंच पुढं, मला दोन मुलं, थोरल्याला मिसरूड फुटलेलं. एवढं सगळं उरकल्यावर तांबी, म्हणजे कॉपर-टी, कशी असते, कुठं बसते आणि कशासाठी बसते हे मला एका बाईंनी समोर बसवून शिकवलं. मीही शहाण्या मुलासारखी मान डोलावत शिकलो. तेव्हापासून आमच्या भावकीत मला ‘तांबीवाले मामा’ म्हणतात. कळंबमध्ये माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, त्यावर चांगली मोठी पाटी आहे, पण पाटीवरचं नाव कुणाच्या लक्षात नाही.

त्या बाई म्हणजे हायवेवरच्या बाजाराच्या गावातल्या डॉक्टरीणबाई. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण ते कुणी सांगितलं तरच कळायचं. आजोबांनी बाजारपेठेत कापडाचं दुकान घातलं, वडिलांनी वाढवलं आणि बाई त्या दुकानाच्या गादीवर रांगल्या. बोलायला लागल्या की आमच्यापेक्षा जास्त आमच्या. ताटात मात्र घरची शिस्त. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही आणि दिवस मावळल्यावर घास नाही.

आता आमच्या भागात लेक-सून सुखरूप मोकळी झाली की माणूस आनंदानं काय घेऊन येणार? ओतूरकडचा कांद्याचं पोतं आणतो, मंचरकडचा बटाट्याचं. बाई कुणालाच कधी म्हणाल्या नाहीत की मी हे खात नाही. पोत्याचं तोंड उघडायच्या, एक कांदा हातात घेऊन कापडाचा पोत बघावा तसा अंगठ्यानं चोळायच्या आणि म्हणायच्या, “वा पावणं, काय माल आहे!” पावणा छाती फुगवून गेला की ते पोतं वॉर्डातल्या नातेवाइकांत वाटलं जायचं. आमच्या धाकटीच्या दोन्ही बाळंतपणांत आम्ही घरात बटाटा विकत आणला नाही.

स्वभाव म्हणाल तर तिखट. पुरुषाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलेलं मी तरी पाहिलं नाही. ड्रायव्हरला, कंपाउंडरला, नवऱ्याला एकाच आवाजात हाक. पण बाळंतिणीच्या खाटेपाशी आल्या की तोच आवाज कुठं जायचा देव जाणे.

त्यांच्या दवाखान्यात वॉर्डाला लागून एक खोली होती. तिथं टेबल नाही, खुर्ची नाही. एक रुंद दिवाण, त्यावर कडक पांढरी चादर आणि दोन लोड. चपला बाहेर. टाके पडलेली बाई लोडाला टेकून पाय पसरून बसायची, समोर मांडी घालून डॉक्टरीणबाई. मधे एक स्टीलचा डबा. डबा उघडायचा आणि एकेक वस्तू चादरीवर मांडायची. तांबी, गोळ्यांची पाकिटं, तीन महिन्यांचं इंजेक्शन, निरोध, ऑपरेशनची चित्रं, बायकांचंही आणि पुरुषांचंही. वडील जशा साड्या उलगडत तसंच. त्यांचा हातखंडा प्रश्नही दुकानातलाच होता, “बघायला काय जातंय?”

एका बाईपुढं त्या अशा सगळ्या वस्तू मांडायच्या, हातात द्यायच्या, हिचं असं होतं, तिचं तसं होतं, हिनं पाळी जास्त जाते, हिनं कमी जाते, हे सगळं उलटंसुलटं करून दाखवायच्या. आणि ती बाई शेवटी “इचारून सांगते” म्हणून उठली तर यांचा चेहरा पडत नसे. “पाणी पिऊन जा,” म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, “मॅडम, एवढा वेळ घालवला आणि तिनं काहीच घेतलं नाही.” त्यावर मला उत्तर मिळालं, “आमच्या दुकानात बायका पन्नास साड्या बघून रिकाम्या हातानं जायच्या. त्याच बायका दिवाळीला यायच्या. ज्या दुकानात पहिलीच साडी गळ्यात मारत होते, तिथं नाही जायच्या.”

सासवांना त्या खोलीत मज्जाव होता. पण तसं तोंडावर सांगितलं तर आमच्याकडं उद्याच्या उद्या दवाखाना बदलतील. म्हणून सिस्टर यायची आणि म्हणायची, “आजी, बाळाचं वजन करायचंय, चला.” काटा होता व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं बाळाचं वजन व्हायचं, मग काटा हलला म्हणून पुन्हा व्हायचं, मग दुपटं काढून व्हायचं, मग आजीनं दुपट्याशिवाय थंडी लागेल म्हटलं की दुपट्यासकट व्हायचं. आतलं बोलणं संपेपर्यंत बाळाचं वजन काही ठरत नसे. त्या दवाखान्यात जन्मलेल्या पोरांना आयुष्यात जेवढं वजन पहिल्या तीन दिवसांत करून मिळालं, तेवढं पुढं कधी मिळालं नसेल.

आणखी एक गोष्ट. ‘बरं हाय’ या शब्दांवर बाईंचा राग होता. आमच्या बायकांना काहीही विचारा, उत्तर एकच. पोट दुखतंय का? बरं हाय. नवरा कसा आहे? बरा हाय. बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, “बरं तर वरण असतं गं. तू कशी आहेस ते सांग.”

याच्या मागं काय होतं ते त्यांनी मला पुढं एकदा गाडीत सांगितलं. दवाखाना नवीन असताना घाटघरची एक बाई होती. तांबी बसवल्यावर महिन्यानं दाखवायला आली. दोन गाड्या बदलून, कडेला पोर घेऊन. बाईंनी विचारलं, कसं आहे? ती म्हणाली, बरं हाय. बाईंनी पुढची हाक मारली. ती बाई पुढं कित्येक महिने अंगावरून रक्त जात असताना डोक्यावरून पाणी वाहत राहिली आणि शेवटी शेतात चक्कर येऊन पडली. “मी विचारलं होतं,” बाई म्हणाल्या, “पण विचारायचं म्हणून विचारलं होतं. तिला ते कळलं. बायकांना लगेच कळतं.”

तेव्हापासून त्यांनी स्वतःची एक परीक्षा काढली. दवाखान्यात विचारलेल्याचा भरवसा नाही, म्हणून त्या आठवडे बाजारात विचारायच्या. हातात मेथीची जुडी, समोर त्यांची एखादी जुनी पेशंट.

“काय गं, जावेला सांगशील का बसवायला?”

प्रश्न साधा वाटतो, पण आत पाणी खोल. आमच्याकडं जावेला कुणी चांगल्या वस्तूचा पत्ता देत नाही. उत्तर फटकन आलं पाहिजे. “तिला कशाला सांगू?” असं ठसक्यात आलं तर बाई खूश, म्हणजे वस्तू चांगली लागू पडली आहे. “सांगते की, कवा पाठवू?” असं गोड आलं तर त्या जुडी खाली ठेवायच्या. “उद्या दवाखान्यात ये. तुला त्रास होतोय.” मी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला आहे. ती बाई दुसऱ्या दिवशी आली आणि खरंच तिला त्रास होत होता.

आता माझ्या शिक्षणाकडं येतो.

धाकटी आण्याला दिलेली. आणे म्हणजे वर पठारावर, पाण्याची बोंब, म्हणून माझ्या ठिबकला तिकडं मागणी आणि त्या मागणीतूनच ही सोयरीक. पहिली मुलगी सिझरनं झाली. ती अजून नीट चालत नव्हती तोवर दुसऱ्यांदा दिवस. दुसरं बाळंतपणही माहेरी, पुन्हा सिझर, पुन्हा मुलगी. आमचे वडील नाहीत, आईचे गुडघे गेलेले, म्हणून दवाखान्यात डबा, गरम पाणी, औषधं, सगळी ये-जा माझी. दाजी मुलगी बघून त्याच दिवशी परत गेले होते. कांदा काढायला आला होता.

तिसऱ्या दिवशी मी खाटेपाशी बसून मोसंबी सोलत होतो. डॉक्टरीणबाई आल्या, धाकटीचे टाके पाहिले आणि माझ्याकडं वळल्या.

“चला पावणं. आत.”

मी मोसंबी हातात घेऊन गेलो. दिवाणावर बसलो. डबा उघडला.

“मॅडम, मी—”

“नंतर बोलायचं. आधी ऐकायचं. पुरुष आधी बोलला की पुढं सगळं त्याच्याच बोलण्यावर चालतं.”

आणि त्यांनी सुरुवात केली. पोट दोनदा एकाच जागी फाडलंय. आतली पिशवी त्या जागी पातळ झालीये. आता लगेच तिसरं राहिलं तर पिशवी तिथंच उसवू शकते, आणि मग आई आणि बाळ दोघं हाताला लागत नाहीत. निदान तीन वर्षं थांबायचं. कळलं? मी म्हटलं, कळलं. सहा आठवडे लांब झोपायचं. कळलं? मी म्हटलं, झोपतो. मग त्यांनी तांबी माझ्या तळहातावर ठेवली. मग निरोधाचं पाकीट फोडून, लाकडाच्या एका दांड्यावर, म्हणजे जाऊ द्या. मग पुरुषांच्या ऑपरेशनचं चित्र काढलं आणि बोट ठेवून सांगितलं, “टाका नाही, काही नाही. माणूस सकाळी येतो, दुपारी घरी जाऊन टीव्ही बघतो.” माझ्या हातातल्या मोसंबीचा रस कोपरापर्यंत आला होता. मी मान डोलावत होतो. एवढ्या तन्मयतेनं मी दहावीतही मान डोलावली नव्हती.

सगळं झाल्यावर बाई लोडाला टेकल्या. “आता बोला. तुमचं काय म्हणणं?”

“मॅडम, मी तिचा भाऊ आहे.”

दारातली सिस्टर तोंडाला पदर लावून व्हरांड्यात पळाली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मग एवढा वेळ मान कशाला हलवत होतात?”

“तुम्हीच म्हणालात, बोलायचं नाही.”

“लग्न झालंय?”

“झालंय.”

“पोरं?”

“दोन.”

“मग वाया गेलं नाही,” म्हणाल्या आणि वस्तू डब्यात भरायला लागल्या.

चूक त्यांची नव्हती म्हणा. आमच्याकडं बाळंतपण माहेरी. खाटेपाशी जो बाप्या डबा घेऊन बसलेला असतो तो भाऊ, नाहीतर बाप. ज्याला हे सगळं ऐकायला पाहिजे तो तिकडं दुसऱ्या गावात कांदा काढत असतो. बाई त्या दिवशी हे माझ्यादेखत मोठ्यानं बोलल्या आणि मग धाकटीकडं गेल्या. धाकटी खाटेवर पोटाला उशी दाबून हसत होती, डोळ्यांतून पाणी. “दादा, झोपतो म्हणालास?” एवढंच तिला बोलता आलं.

घरी जाऊन मी हे आमच्या हिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “एवढ्या वर्षांनी कुणीतरी सांगितलं म्हणायचं.”

हसण्यावारी गेलं, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी धाकटीनं बाईंना सगळं सांगितलं, मीही होतो. पहिलीच्या वेळेलाच तिला तांबी बसवायची होती. सासूबाईंनी साफ नकार दिला. दाजींनी आईपुढं तोंड उघडलं नाही. म्हणून हे दुसरं एवढ्या लवकर. आता सहा आठवड्यांनी सासरची माणसं न्यायला येणार. एकदा पठारावर गेलं की पुन्हा तेच. “मला भ्या वाटतंय मॅडम,” ती म्हणाली. “माझ्या दोन पोरी हायेत. मला मरायचं न्हाई.”

मी लगेच माझं ज्ञान पाजळलं. “म्हातारीला नातू पाहिजे मॅडम. दुसरं काय असणार?”

“असेल,” बाई म्हणाल्या. “तिला विचारलंय कुणी?”

कुणी विचारलं नव्हतं. विचारायची काय गरज? दोन मुली झाल्यावर सासूला काय पाहिजे असतं हे शेंबडं पोरही सांगेल.

दाजींना मी फोन केला. मेहुण्यानं दाजींशी असल्या विषयावर बोलायचं म्हणजे काय अवघड काम, ते ज्याला दाजी आहेत त्यालाच कळेल. मी पाऊस, कांदा, पुन्हा पाऊस, अशी वळणं घेत विषयापर्यंत आलो आणि म्हटलं, “मॅडमनी तुम्हाला बोलावलंय.” ते म्हणाले, “बायकांच्या दवाखान्यात माझं काय काम?” आणि फोन ठेवला.

मी हे कळवल्यावर बाई म्हणाल्या, “रविवारी तुमची पिकअप मोकळी असते का?”

रविवारी सकाळी नळ्यांची बंडलं उतरवून मी पिकअप झाडून घेतली. बाई पुढं बसल्या, डबा मांडीवर. आळेफाट्यापर्यंत माझ्या ड्रायव्हिंगवर बोलत होत्या, पुढं घाट लागल्यावर घाटघरच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. आण्यात पोचलो तेव्हा दाजी ओट्यावर दाढी करत होते. डॉक्टरीणबाई गाडीतून उतरताना बघून त्यांनी अर्धा गाल तसाच ठेवून टॉवेल गुंडाळला.

सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणतो, बाहेर आल्या. धिप्पाड बाई, नऊवारी, आवाज पठारभर जाईल असा. “कोन? डाक्टरीन? सून तर तुमच्याकडं हाये. हितं काय काम काढलं?”

“भूक लागलीये,” बाई म्हणाल्या. “दही-भाकरी असेल तर द्या. कांदा-लसूण नको.”

यापुढं कुठली सासू भांडेल? भाकरी झाली, दही आलं. जेवण झाल्यावर बाईंनी आम्हा दोघा बाप्यांना ओट्यावर हाकललं आणि दार लोटलं. नुसतं लोटलं. आम्ही दाराकडं पाठ करून बसलो. मी विचारलं, “कांद्याला यंदा काय भाव?” दाजींनी काहीतरी सांगितलं. मी ऐकलं नाही. त्यांनीही मी ऐकतोय का ते पाहिलं नाही. आमचे दोघांचेही कान मागं होते.

आत डबा उघडल्याचा आवाज आला. मग मावशींचा.

“हे माझ्यापुढं मांडू नगा. मला म्हाईत हाय ते काय हाय.”

“कसं काय माहिती?”

“हाय ना माझ्यात.”

ओट्यावर दाजींचा चहा हातातच राहिला.

आत डबा बाजूला सरकला. मग मावशींचा आवाज आला तो त्यांचा नव्हताच, एकदम खालच्या पट्टीतला. “धाकट्याच्या टायमाला. शिबिर व्हतं. आमाला समद्या बायांना टेम्पोत घालून न्हेलं. काय बसवत्यात ते सांगितलं न्हाई, काय न्हाई. लेकरू व्हरांड्यात रडत व्हतं, त्याला पाजायची घाई. घरी आल्यावर लई जायचं अंगावरून. लई दुखायचं. पुन्यांदा गेले, म्हनलं, काढा. तर तिथली बाई म्हनली, एवढं बी सोसत न्हाई का? हाकलून दिलं.”

“मग?”

“मग कुनाकडं जायाचं? मालकाला सांगायची लाज. कुनी म्हनलं, इरघळून जाती. कुनी म्हनलं, वर चढती. चढली. हितं हाय बघा, छातीत. जेवले की टोचती.”

मला हसू आलं. छातीत चढली म्हणे! हसू दाबता दाबता आवाज गेला असणार, कारण दार उघडलं. बाई दारात.

“हसायचं असेल तर वेशीपर्यंत जाऊन हसा. ही बाई इतकी वर्षं एकटीनं वागवतीये ते.”

मी खाली बघितलं. दार पुन्हा लोटलं गेलं. आतून मावशी म्हणत होत्या, “सुनंला मी नगं म्हनले ते काय वैरी म्हनून? नातू नातू करून मला गाव हिनवतंय. माझं जे झालं ते तिचं हुयाला नगं, एवढंच. सांगू कशी? सुनंला सांगायची गोष्ट हाय का ही?”

“मला सांगितलीत की.”

“तुमी इचारलंत.”

दाजी उठून गोठ्याकडं गेले. काम काही नव्हतं तिथं. मी पाहिलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. धाकटा म्हणजे तेच. व्हरांड्यात रडणारं लेकरू ते.

बाहेर आल्यावर बाईंनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, “आधी आईची काढायची. सुनेचं नंतर बघू.” ज्यांचं बायकांच्या दवाखान्यात काही काम नव्हतं ते दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आत आईला घेऊन पायरीवर बसलेले होते, गाल दोन्ही गुळगुळीत.

सोनोग्राफीत दिसली. छातीत नव्हती, जिथं बसवली होती तिथंच होती. तिला ओढून काढायचा दोरा केव्हाच तुटून गेलेला, म्हणून काढणं सोपं नव्हतं. तपासण्या झाल्या, औषधं झाली, भूल देणारे डॉक्टर बोलवावे लागले, आणि सगळं जुळून यायला धाकटीचे सहा आठवडे भरत आले. त्यामुळं काढायच्या दिवशी मी धाकटीलाही दाखवायला घेऊन आलो होतो. व्हरांड्यात मी, दाजी आणि दाजींच्या मांडीवर लहानगी. दाजींनी बाकड्यावर माझ्यासाठी जागा करून दिली. आमच्यात एवढं पुरतं.

काढल्यावर, भूल उतरल्यावर, बाईंनी ती ट्रेमध्ये घालून मावशींना दाखवायला आणली. काळी पडलेली, एका बाजूला वाकलेली, बोटाच्या पेराएवढी. मावशी कोपरावर उठून बघत राहिल्या.

“एवढीशी?”

“एवढीशीच.”

मावशींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. धाकटी पुढं झाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. सासू-सुनेला असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी आणि दाजी, दोघंही, छताचा पंखा बघायला लागलो.

मग धाकटीचा नंबर. या वेळी दिवाणावर दाजी बसले, खरे दाजी. दार बंद. मी बाहेर येरझारा घालत होतो. माझ्या दृष्टीनं लढाई जिंकलेली होती. आणे झालं, घाट झाला, म्हातारी झाली, आता धाकटीला तांबी बसली की तीन वर्षं नाही, दहा वर्षं बिनघोर. डोक्यात मी पाहुण्यांना सांगायची गोष्टसुद्धा जुळवत होतो, आणि तीत माझी भूमिका जरा मोठीच झाली होती.

दार उघडलं. धाकटी दंड चोळत बाहेर आली.

“बसवली?” मी विचारलं.

“नाय. इंजेक्शन घेतलं. तीन महिन्यांचं.”

“अगं, पण तांबी! तू तर पहिल्यापासून तांबी म्हणत होतीस!”

“म्हनत होते. आता आत्याबाईंचं बघितलं ना. मॅडम म्हणाल्या, तुझी तशी होणार नाही, मी आहे. ते पटलं मला. पण तरी नको वाटली. म्हटलं, नको.”

“आणि मॅडम काय म्हणाल्या?”

“बरं म्हणाल्या. पाळी पुढंमागं होईल म्हणाल्या, बंदही होईल, घाबरायचं न्हाई, तीन महिन्यांनी न चुकता यायचं.”

मी तडक आत. बाई वस्तू डब्यात परत ठेवत होत्या. “मॅडम, आम्ही एवढं तांबीसाठी—”

“आम्ही म्हणजे कोण?”

“म्हणजे, तिला तांबी बसायची म्हणून आपण रविवार घालवून आण्याला गेलो, मावशींना समजावलं—”

“तांबी बसावी म्हणून नव्हतो गेलो.”

“मग कशासाठी?”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “तिला ‘नको’ म्हणता यावं म्हणून. तिच्या वतीनं हो म्हणायला तुम्ही सगळे होतातच.”

मी बाहेर आलो.

वॉर्डात मावशी उठून बसल्या होत्या. दाजी त्यांना चहा बशीत ओतून देत होते. धाकटी खाटेच्या कडेला टेकली तशी मावशींनी तिच्याकडं पाहिलं.

“काय घेतलंस?”

“इंजेक्शन.”

“दुखलं का?”

“नाय, बरं—” धाकटी म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, “दुखलं वाईच.”

“मग सांगत जा,” मावशी म्हणाल्या. बशी त्यांनी दाजींच्या हातातून घेतली आणि आधी तिच्यापुढं धरली. “लगीच सांगत जा. मला सांग, त्याला सांग. माझ्यावानी म्हातारी हुईस्तवर थांबू नगंस.”